खुंटी

आमच्यात नाव म्हणजे पाळी.
पहिली मुलगी मसिका, दुसरी बिरा,
तिसरी आले ती मी, कबुघो.
बाप पाचवा मुलगा, म्हणून थेम्बो.
पायवाटेवर उभं राहून थेम्बो म्हणून हाक मारा,
चार माणसं मागे वळतील
आणि एखादी बकरी.

शिखरांचं तसं नाही.
त्यांना नावं दूरच्या राणीची,
दाढीवाल्या साहेबांची, ज्यांचे जोडे
आमच्या पणज्यांनी चिखलातून वाहिले.
सगळ्यात उंच ती मार्गेरिटा.
अख्ख्या युगांडात तिच्या वर काही नाही,
पाऊस सोडला तर.

सहा वर्षं मी ओझं वाहिलं.
फाटकापाशी स्प्रिंगकाटा, पंधरा किलो,
माझी रताळी आणि घोंगडी त्यात धरत नाहीत.
पट्टा कपाळावर घेतला की
मान खाली जाते,
डोंगर फक्त टाचांना कळतो.
मग बापाचा गुडघा गेला
आणि दोर माझ्याकडे आला.
पोरं दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी
धुक्यात वाट विचारायला माझ्याकडेच आली.

या खेपेचा पाहुणा पोलंडचा, दातांचा डॉक्टर.
प्रत्येक फुलाला लॅटिनमध्ये हाक मारायचा,
फूल काही ओ द्यायचं नाही.
दलदलीत त्याचा गमबूट रुतला
तेव्हा विचारलं, किती खोल आहे?
मी म्हटलं, मागच्या महिन्याचा एक जोडा
अजून खालीच आहे,
माणूस मात्र सुखरूप घरी गेला.
त्यावर तो शेवाळाच्या दाढ्या लोंबणाऱ्या झाडाखाली
एका बुटात उभा राहून इतका हसला
की मला तो आवडायला लागला.

बर्फाला आम्ही न्झुरुरू म्हणतो.
लहानपणी अंगणातून दिसायचा,
सकाळी दहाच मिनिटं, ढग मिटायच्या आत.
आई बोट दाखवू द्यायची नाही.
वडीलमाणसाकडे
असं बोट करतात का?
आम्ही हनुवटीने दाखवायचो.
आता हनुवटी उचलून
पुष्कळ वेळ शोधावं लागतं.

रात्री दोनला निघालो.
पत्र्याच्या झोपडीत चहा गोठत आलेला,
दोराला कालच्या पावसाचं वजन.
काळा खडक, ओला खडक, पुन्हा खडक.
मी थांबले. डोक्यावरचा दिवा वर वळवला,
अजून वर, अजून.
तिथे होती ती. लोखंडाची, गंजून तांबडी,
कड्यात ठोकलेली खुंटी.
बापाने ती वाकून ठोकली होती,
गुडघ्याच्या उंचीवर,
बर्फावर उभं राहून.
आता तिच्याखाली शिडी आहे
आणि शिडीच्या बाविसाव्या पायरीवरूनही
माझा हात पोचत नाही.

डॉक्टरने विचारलं, एवढ्या वर कोणी ठोकली?
माझ्या बापाने.
इतका उंच होता?
हो, म्हटलं. उंच होता.
त्याने मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं
आणि सभ्यपणे गप्प बसला.

शिखरावर ढगच होता.
पाटीला हात लावून त्याने फोटो काढला,
मागे सगळं दुधासारखं पांढरं,
कुठलंही असू शकेल असं.
उतरताना बराच वेळ काही बोलला नाही.
मग त्या कड्यापाशी येऊन म्हणाला,
हिरडी मागे सरली की दात लांब दिसतो.
लोकांना वाटतं, दात वाढतोय.
मी त्याचा दोर तपासत होते.
गाठ बरोबर होती,
तरी सोडून पुन्हा बांधली.

घरी आले तेव्हा बाप
दारात उन्हाला पाय पसरून बसलेला.
दर खेपेला एकच विचारतो,
पाहुण्याचं नाव नाही, बक्षिसी नाही,
खुंटीला दोर बांधलास ना?
बांधला, मी म्हणते.
तो गुडघा चोळत राहतो.
घट्ट?