मिसिंग

कात्रजच्या चढावर, तिसऱ्या गिअरला,
बोलता बोलता आवंढा गिळावा
तशी गचकली.
पालिओ, सोळाशे सीसी, वय एकवीस.

नाना पेठेत तांबोळींनी बॉनेट उघडून कानोसा घेतला.
मग एकेक वायर उपसत गेले.
पहिली काढली, इंजिन अडखळलं.
दुसरी, अडखळलं.
तिसरी काढली
आणि काहीच बदललं नाही.

"हा नुसती हजेरी लावतो," म्हणाले.

प्लग बदलला. कॉइल दुसरी लावून पाहिली.
तिसरा ढिम्म.
समोरच्या टायरवाल्यानं शटर ओढलं.
मी म्हटलं, राहू द्या, उद्या बघू.
त्यांनी उत्तर न देता दिवा मालवला,
कुंड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली आणली
आणि चालू इंजिनावर पाणी भुरभुरलं.

अंधारात वायरीच्या पोटातून
नखाएवढी निळी ठिणगी,
टक् टक् टक्,
प्लगकडे जायचं सोडून
जवळच्या लोखंडाला बिलगणारी.

"आग आहे की,
वाटेतच सांडते."

वायर दीडशेची, पण नवी मिळत नाही.
भोसरीच्या भंगारात बघतो म्हणाले, रविवारी.

तोवर तिघांवरच घरी निघालो.
सिग्नलला थांबलो की
जिथे ठोका नव्हता
तिथे स्टिअरिंगवर
माझं बोट पडत होतं.