चिखलाची वही

पंचायतीने फॉर्म पाठवला आहे.
गावाची स्थापना : साल लिहा.
तारीभाटात असं साल कुणालाच ठाऊक नाही.
आम्ही मोजतो ते बांध फुटल्यापासून.

गावकरीची वही माझ्याकडे आली
बिस्किटांच्या डब्यातून, कडा कसरीने खाल्लेल्या.
आधी मोडी, मग पोर्तुगीज, मग मराठी,
मधूनमधून नुसतेच निळे अंगठे.
मी मूळपुरुष शोधत होतो, निदान एखादी लढाई.
पानोपानी चिखल निघाला.

'पुनवेच्या भरतीआधी पाट्या एकशेचाळीस.
कुर्ल्यांची भोकं बुजवली, एकवीस.
मानशीचं दार नवं, माट्टीच्या लाकडाचं.
सुताराला भात आणि दोन नारळ.'

सत्तर सालच्या मे महिन्यात :
द्रुपदी, देमूची बायको, पाट्या साठ.
इनास मिंगेल, पंचावन्न, अंगात ताप.
सगुण, एकशे दहा.
नावापुढे देऊळ नाही, इगर्ज नाही,
पाट्या तेवढ्या.

म्हणजे गाव गुण्यागोविंदाने नांदत होतं
असं कुणी समजू नये.
झोण वाटताना हीच माणसं
पैशापैशासाठी एकमेकांची सात पिढ्या उद्धरत.
आणि द्रुपदीला झोण नव्हताच,
बाईला नसतो.
चिखल मात्र तिचा चालला.

मानस कशी चालते ते सुनेला सांगितलं
तर तिला खरं वाटेना :
भरती आली की दार आपणच मिटतं,
ओहोटीला आपणच उघडतं,
खारं पाणी बाहेर, कोरगूट आत.
माणसाने फक्त
मध्ये हात घालायचा नाही.

एकाहत्तरच्या भाद्रपदात,
भात पोटरीत असताना,
कुणीतरी रात्री दारात ओंडका घातला.
तेव्हा सुंगटाला भाताच्या चौपट भाव होता,
मडगावचा एक माणूस रोख मोजत होता.
सकाळी शेतात बोयटं उड्या मारत होती.

त्या दिवशीची नोंद :
'दार उघडे राहिले.'
राहिले. कर्ता नाही.
आणि हे कायतान कारकुनाचं अक्षर,
ज्याने कुर्ल्यांची भोकंसुद्धा मोजली होती.

नाव सगळ्यांना ठाऊक होतं.
त्या घरी जाब विचारायला कुणी गेलं नाही.
विस्तव मागायलाही गेलं नाही.
मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे लागले.
चौथ्या वर्षी पेरायला माणसंच नव्हती,
कुणी बोटीवर, कुणी वास्कोत,
देमू खाणीवर ट्रकाच्या मागे.
द्रुपदी तेवढी बांधावर बसून असायची,
रिकामी पाटी उपडी घालून.

मी सात वर्षांचा होतो.
त्या रात्री बाप उशिरा आला.
आईने काहीच विचारलं नाही,
चुलीजवळ बसवून त्याचे पाय पुसले.
पोटऱ्यांवर चिखल होता, वीतभर वर,
आणि शहारे.
महिनाभराने मला नवी चप्पल मिळाली.
ती मी शाळेत मिरवली.

फॉर्मात 'विशेष घटना' ला दोन ओळी आहेत.
लिहिलं : गाव भरतीच्या पाण्यावर वसलं.
सही केली, शिक्का मारून घेतला.

घरी येऊन वही उघडली.
'दार' या शब्दाआधी थोडी जागा आहे,
कायतानने सोडल्यासारखी.
तिथे लिहिलं, सगुण.
पेन्सिलीने.
अजून तरी पेन्सिलीने.