सहा महिन्यांनी आणून दाखवावी

म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारात,
मिरच्यांच्या राशी ओलांडून
आम्ही वेरेकर शेटच्या दुकानात चढलो.
उल्हासच्या बुटांना मांडवीचा चिखल तसाच.
रात्रपाळीची फेरीबोट दिवाडीला बांधून
तो सरळ इकडे आला होता.

अंगठी एक, कागद दोन.

शेट म्हणाला, आमची हमी वर्षाची.
नख्या सैल झाल्या तर फुकट आवळून देऊ.
आमच्या जडणीमुळे खडा पडला तर खडा देऊ.
हरवली तर तुमची,
चोरीला गेली तर चोराची.
आणि तळाला, मुंगीच्या पायांनी लिहावं तसं :
दर सहा महिन्यांनी आणून दाखवावी.
एक खेप चुकली की हमी संपली.

दुसरा कागद रुझारियोचा.
उल्हासचा शाळासोबती, विम्याचा एजंट,
फोनवर एका दमात :
चोरी, दरोडा, आग, पूर, सगळं आलं त्यात.
नदीत पडली तरी पैसे.
वर्षाला नऊशे चाळीस, वर कर.
फक्त एक आहे, बाय,
कशी गेली ते सांगता आलं पाहिजे.
जागा, वेळ, पोलिसांचा कागद.
‘बघितलं तर बोटात नव्हती’
याचे पैसे कुणी देत नाही.

मी आझिलोत नर्स आहे.
दिवसातून चाळीसदा हातमोजे चढवते, उतरवते.
वस्तू कशा जातात ते मला ठाऊक आहे :
उलट्या झालेल्या मोज्याच्या बोटात,
लाल पिशवीत,
आणि आपण पुढच्या खाटेकडे वळलेलो असतो.

एक अंगठी याआधी होती.
माशेलच्या लोकांची. साखरपुड्याला साठ पानं उठली.
आठ महिने ती माझ्या बोटात होती.
चोरी नाही, आग नाही, पूर नाही.
फोन आधी रोज रात्री यायचा,
मग रविवारी,
मग त्याच्या आत्याचा आला.
रुझारियोला मी काय लिहून दिलं असतं?
जागा : माहीत नाही.
वेळ : माहीत नाही.
बघितलं तर नव्हता.
बाबांनी अंगठी परत नेऊन दिली
दोसच्या वड्यांच्या डब्यात घालून, का कोण जाणे.
डबा तेवढा त्या लोकांनी परत पाठवला.
घासून, पुसून.

उल्हास पावतीच्या पाठीवर आकडे मांडतो.
अंगठी बासष्ट हजार.
दहा वर्षांचे हप्ते, नऊ हजार चारशे, कर वेगळा.
म्हणतो, विमा घेऊ या.
रोज नदीवर असतो मी, तिला ओळखतो.
स्वतःला त्याने अंगठी नकोच म्हटली आहे,
दोर ओढताना अडकते.

मी भिंग मागून घेते.
नख्या चार. खडा तांदळाच्या कणीएवढा.
वरून सगळं घट्ट दिसतं.
सैल होतं ते खालच्या अंगाला, शेट सांगतो,
आणि घालणाऱ्याला शेवटी कळतं.
म्हणून तर आणा म्हणतो. लोक आणत नाहीत.

सहा महिन्यांनी दोघांनी यायचं? मी विचारते.
अंगठी आली की झालं, बाय.
नाही. दोघांनी.

उल्हास माझ्याकडे बघतो,
मग खिशातून पाळ्यांचा कागद काढतो,
जो जेमतेम मे महिन्यापर्यंत आहे.
ऑक्टोबरची चौदा?
चौदाला माझी सकाळपाळी असली तर?
मग पंधरा. बदली माणूस बघतो मी.

शेटने डबीच्या बुडाला तारीख घातली.
पेन उठत नव्हतं, दोनदा गिरवली.
विम्याचं संध्याकाळी ठरवू म्हणालो.
घेऊसुद्धा. नदी खरीच आहे.

खाली उतरून हरमलच्या मिरच्या घेतल्या, अर्धा किलो.
तिखट आहेत ना, मी विचारलं.
बाई पिशवीला गाठ मारत म्हणाली,
नसल्या तर पुढच्या शुक्रवारी घेऊन ये.
मी इथेच असते.