बंद पडण्याची वही

पहिल्यांदा गेला तो सोमवारी, बारा चाळीसला,
हरभऱ्याच्या मुळांवरल्या गाठींच्या तिसऱ्या प्रकरणात.
कुणा पोराचा प्रबंध, पानामागे बारा रुपये.
'नत्र' लिहीत होते, 'न'वर अंधार.

मग मी वही केली,
दुधाच्या हिशोबाची, मागल्या बाजूने.
मंगळ, १:१५, बंद. बॅटरी एकाहत्तर टक्के.
मंगळ, १:५०, बंद. आधी पंखा ओरडला.
बुध, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर. बंद.
गुरु, काही करत नव्हते, नुसती बघत होते.
तरी बंद.

परत चालू केला की सभ्यपणे सांगायचा:
मागील वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद झाले.
अनपेक्षित कोणाला, ते नाही सांगायचा.

भाचा पुण्याहून: मावशी, चार्जर बदल.
बदलला.
मावशी, व्हायरस असेल.
नव्हता.
मावशी, आता नवीनच घे ना.
मी फोन ठेवला.

ग्वाल्हेरचा मे. लष्करात दुपारी
कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नाहीत.
जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून
रिक्षाने नेला शिंदे की छावनीला,
नफीसच्या दुकानात.
तिथे काचेच्या काउंटरवर दोन तास
शहाण्यासारखा चालला.
दवाखान्याची पायरी चढली की
दाढ दुखायची थांबते, तसा.

वही पुढे केली.
मराठी त्याला येत नाही, आकडे येतात.
"सब दोपहर का है, माताजी."
रॅम काढली, खोडरबराने घासली,
फुंकर मारली, परत बसवली.
मग खालचं झाकण उघडलं.
पंख्याच्या पात्यांत करड्या धुळीचा बोळा,
एक लांब पांढरा केस (माझाच),
आणि क्रोशाचा धागा, मोतिया रंगाचा.
चिमट्याने ओढला तसा येतच राहिला.

"इसे रखती किस पे हो?"

वन्संच्या मेजपोशावर.
सात महिने विणत होत्या, अठरा मोर,
डोळे पुरते जायच्या आधीचं शेवटचं काम.
खालच्याच मजल्यावर असतात.
चारच्या चहाला वर येतात
आणि कपाच्या आधी हात टेबलावर फिरवतात,
बोटांनी मोर मोजतात.

नफीस पांढरी पेस्ट लावत म्हणाला,
"ये मरता नहीं. जलने से पहले
खुद को बंद कर लेता है."
मी त्या उघड्या पोटाकडे पाहत राहिले,
थोड्या हेव्याने.
गेल्या मे महिन्यात, भाचीच्या केळवणाला,
पुऱ्यांच्या कढईपाशी मी पडले
तेव्हा घरभर एकच शब्द होता: अनपेक्षित.
पहाटेपासूनचं कोणी लिहून ठेवलं नव्हतं.
मीही नाही.

दोनशे ऐंशी रुपये, पेस्टचे धरून.

आता मेजपोशाची घडी खुर्चीवर,
लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली
खोकल्याच्या औषधाची चार झाकणं.
खालून हात घातला तर वारा लागतो, गरम,
पण वाहता.
वहीत त्यानंतर एकच नोंद:
शनि, ३:४४, बंद. मी केला.
'नत्र' पुरा लिहून.

कारण जिना वाजला होता.
लॅपटॉप कपाटात, झाकणं मुठीत,
मेजपोश पसरला, मोर ओढून सरळ केले.
वन्सं बसल्या. मोजू लागल्या.
चौदाव्यापाशी बोट थांबलं.
"इथली वीण सुटलीय गं. धागा कुठे गेला?"
मी म्हटलं, मांजराने ओढला असेल.

"असेल," म्हणाल्या,
आणि बशीत चहा ओतून घेतला.
आमच्याकडे मांजर नाही.
त्यांना माहीत आहे.