मान सुटली तेव्हा

कोपरीत, रेबेलोबाईंच्या गॅलरीत
गिटार पालथी घेतली मांडीवर.
डोक्यावरचं नाव कुणीतरी पॉलिश पेपरनं घासलेलं,
नंबरातले शेवटचे दोन आकडे गंजानं खाल्लेले.
पिकअप तीन; ब्रिजजवळचा मागाहून बसवलेला,
स्क्रूच वेगळे.
"जपानी नाही वाटत," मी म्हणालो,
भाव पाडायला.
बाई म्हणाल्या, "आयवनची आहे."

चार स्क्रू फिरवले, मान सुटली.
खाचेत पेन्सिलीनं तारीख,
कारखान्याचा निळा शिक्का.
जपानीच. चौऱ्याऐंशी.

मग फ्रेट पाहिले.
पहिल्या तिनांवर तारांचे खोल चर,
पाचव्यापुढे सगळं कोरं,
दुकानातल्यासारखं.

मान परत बसवली. स्क्रू जरा जास्तच आवळले.
घासाघीस न करता पैसे मोजले.

पट्टा मात्र बाईंनी
काढून ठेवला.