क्लिफर्डचा उजेड

दुपारी तीनच्या सुमाराला आकड्यांना केस फुटतात.
आठाचा तीन होतो, तिनाचा आठ,
आणि हडर्सफील्डमधल्या कुणा निवृत्त बसचालकाचं पेन्शन
माझ्या एका डोळ्यात कमी भरतं, दुसऱ्यात जास्त.

चष्मेवाल्या बाईनं तपासलं. म्हणाली, नंबर तोच आहे,
तुम्ही पापणी मिटायला विसरता.
म्हणजे न शिकता येत असलेलं एकुलतं एक काम,
तेही या नोकरीत गेलं.
तिनं बाटली दिली: कृत्रिम अश्रू, दहा मिली,
उघडल्यापासून अठ्ठावीस दिवसांत संपवायचे.
घरी म्हणायचे, डोळ्यांत तेल घालून काम करावं.
मी टॉयलेटच्या आरशासमोर मान मागे टाकून
दर चार तासांनी मुदतीचं रडते.

आज ताहिर आला, आय.टी.मधला,
हातात अर्धं सँडविच, गळ्यात ओळखपत्र उलटं.
म्हणाला, एक कोरा कागद धर पडद्याशेजारी.
धरला.
कागद कागदासारखा होता,
खिडकीतून जेवढा नोव्हेंबर आत येत होता तेवढाच उजळ.
आणि पडदा म्हणजे
रात्री समोरून आलेली, डिपर न मारणारी गाडी.
"असं कोण लावून ठेवतं?"
ब्राइटनेस शंभर. कॉन्ट्रास्ट ब्याण्णव.

मी सेटिंगला कधी हात लावला नव्हता.
पहिल्या वर्षी खुर्चीची उंचीसुद्धा बदलली नव्हती.
नवीन माणसानं आल्या आल्या कुरकुर करू नये
हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं.

पलीकडून ग्लेनिस म्हणाली, "तो क्लिफर्डचा आहे.
क्लिफर्ड हेग, तुझ्या आधीचा.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कुणाला कळू दिलं नाही,
निवृत्तीला अकरा महिने उरले होते.
शेवटी शेवटी नाक काचेला टेकवून बसायचा
आणि आम्ही म्हणायचो, काय मन लावून काम करतो!"

चार वर्षं.
त्याला जेमतेम पुरणाऱ्या उजेडात
मी चार वर्षं बसले होते.

मग बसलो आम्ही दोघं बटण दाबत.
ऐंशी. सत्तर. पंचावन्न.
निळं थोडं खाली, तांबूस थोडं वर,
कागद, पडदा, कागद, पडदा,
साडीला फॉल जुळवतात तसं.
पडदा खिडकीशी काटकोनात फिरवला
तशी काचेतली ट्यूबलाइट निघून गेली,
आणि तिच्याबरोबर माझं कपाळही.
बेचाळीसवर ताहिर थांबला.
मी म्हटलं, अजून एक.
एक्केचाळीस.
त्याला फरक दिसला नाही. मला दिसला,
किंवा मला एवढंच हवं असेल
की शेवटचा आकडा मी सांगावा.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर बघ, तो जाताना म्हणाला.
वीस फुटांवर फोटोकॉपीचं यंत्र आहे,
त्यामागे कुणाचा तरी ओला कोट,
आणि कोटाच्या खांद्यावरून, खिडकीपलीकडे,
टेकडीवरचा बुरूज, धुक्यात बुडाशी पुसलेला.
तो वीस फुटांत बसत नाही.
बघून घेतला.

चारला बाहेर अंधार पडला.
एक्केचाळीसही टोचायला लागले.
न बघता हात खाली नेला,
आणि बोटाला ते लागलं:
कडेखाली, चौथ्या बटणाशेजारी,
गोंदाचा एक वाळलेला टिपूस.
चिकटलेली घाण समजून
फोनवर बोलताना इतकी वर्षं
मी तो नखानं खरवडत आले.
निम्मा उरलाय.
निम्मा पुरतो.