माशाच्या पोटातला माणूस

सुदरोय बेटावर, तुम्मासच्या स्वयंपाकघरात
पाद्रीबुवा ओला कोट न काढताच विचारतात :
सगळं मानतोस ना, अक्षर न् अक्षर?

तुम्मास चाळीस वर्षं देवमासे फाडणारा.
खांद्यापर्यंत हात घातलेत त्यानं त्या अंधारात.
म्हणतो, तिथं माणूस तीन घटका टिकायचा नाही,
तीन दिवस सोडाच.

मग किटली उतरवतो. बराच वेळ काहीच नाही.

पण बुवा, आतून त्यानं मारलेली हाक,
ती खरी.
धाकट्या योआन्नेसची होडी परतली नाही त्या रात्री
मीही तीच मारली होती,
शब्द एकही आठवत नव्हता तरी.

पाद्रीबुवा कोट काढून खुंटीला लावतात.
साखर किती,
ते विचारायचं राहूनच जातं.